पानामागे चाळीस रुपये

म्हापशाच्या कोर्टामागे, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी
माझं टेबल आहे. एका पायाखाली पुठ्ठा.
पोर्तुगीज, इंग्रजी काहीही आणा,
मराठी करून देते, शिक्क्यासकट.
पानामागे चाळीस रुपये.

शुक्रवार होता, म्हणजे बाजार,
म्हणजे कागदांनाही सुक्या बांगड्याचा वास.
शेवंती मांद्रेकर आली. वय विचारलं तर म्हणाली,
लिहा तुम्हाला बरं दिसेल ते.
पिशवीत नाचण्याचं पीठ, पिठाखाली दोन कागद.

पहिला इंग्रजी, कडक, नवा.
लिस्बनहून आलेल्या नातवाच्या वकिलाचा:
प्रतिवादी सदर जागेत ग्रॅट्युइटस राहते.
आणि खाली, सातव्या कलमात,
प्रतिवादीने वादीस ग्रॅट्युइटस शिव्या दिल्या.

पेन खाली ठेवलं मी.
एकाच बाईवर एकच शब्द दोनदा.
वर त्याचा अर्थ, भाडं नव्हतं.
खाली त्याचा अर्थ, कारण नव्हतं.

दुसरा कागद घड्यांवर फाटलेला, साल सत्तावन्न.
भाटकारणीचं तिरकं अक्षर:
फणसाखालची जागा भिकू मांद्रेकर आणि त्याच्या बायकोला
दिली, ग्रातुइतामेंत.
तोच शब्द. अजून तरुण. अजून घरातलाच.

माझे वडील लिसेवमध्ये लॅटिन शिकले होते
आणि ते कुठेच उपयोगी न पडल्याने मला शिकवत.
ग्रातिया म्हणजे कृपा, ते म्हणायचे,
आणि ग्रातिया म्हणजे आभार.
देणाऱ्याच्या हातात असते तोवर कृपा,
घेणाऱ्याच्या तोंडात आली की आभार.
त्यातून हा शब्द निघाला. अर्थ इतकाच,
किंमत न घेता दिलेलं.

मग कधीतरी इंग्रजीत राहता राहता
लोकांना त्याचा संशय येऊ लागला असावा.
मोल नाही, तर मग कारण काय?
कारण नाही, तर मग हक्क कसला?
ज्याची पावती नाही ते सगळं
हळूहळू एकाच पोत्यात गेलं,
दान आणि थप्पड.

मी समासात शब्द मांडत बसले.
विनामोबदला. हा चालेल, पण याला सरकारी बूट आहेत.
निष्कारण.
फुकट. हा बाजारातला, दोन्हीकडे खपतो,
फुकट मिळालं, फुकट मेला.
नाहक लिहिलं आणि घाईघाईने खोडलं.
ना हक. हा एक शब्द जरी पुढे गेला
तरी म्हातारीचं घर माझ्याच शाईने पडेल.

शेवंतीबाय, म्हटलं, ही जागा का दिली होती त्यांनी?
कसली चाकरी केली होती सासूने? बाळंतपण काढलं? जीव वाचवला?
ती विचार करत राहिली. खरोखर आठवून पाहिलं तिने.
"कांयच ना गो. तिच्या मनांत आयलें."

आणि शिव्या?
"त्यो दिल्यो." हसली. एकच दात.
"फणस कातरलो न्हय तांणी?"

म्हणजे शिव्यांना कारण होतं.
कारण नव्हतं ते घराला.

पहिल्या जागी लिहिलं, विनामोबदला.
दुसऱ्या जागी, वादीच्या म्हणण्यानुसार निष्कारण.
अनुवादकाला तेवढंच करता येतं,
म्हणण्यानुसार.
भाटकारणीच्या कागदावर मात्र अडले.
शेवटी कच्च्या प्रतीवर, पेन्सिलीने,
जो कुठल्याही कोर्टात टिकणार नाही तो शब्द लिहिला:
उगाच.
फणसाखालची जागा उगाच दिली.
वाचून पाहिलं. मग पक्क्या प्रतीत पुन्हा विनामोबदला.

तिने पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या.
देव बरें करूं, म्हणाली, आणि पीठ सावरत गेली
बसच्या दिशेने, मिरच्यांच्या ढिगांमधून.

संध्याकाळी कारकून रजिस्टर घेऊन आला.
पानं चार, पैसे तीन पानांचे?
हो.
का?
उगाच, म्हटलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, चष्मा वर केला,
आणि कारण या रकान्यात
एक आडवी रेघ मारली.